जावईबापू जेवत नाहीत

जावईबापू आजही जेवले नव्हते. सोललेली कोळंबी टाकीच्या तळाशी जशीच्या तशी पडून होती, आणि स्वतः जावईबापू पाइपात अंग कोंबून, नुसतं तोंड बाहेर काढून, आ वासून बसले होते. टाकीसमोर खुर्ची होती, खुर्चीत सासूबाई होत्या, त्यांच्या मांडीवर ताटली होती आणि ताटलीत दुधात कुस्करलेला पाव होता. त्यालाही कोणी हात लावला नव्हता.

“त्याचं होऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “मग मी घेते.”

बोलून बोलून सुनेच्या तोंडाला फेस आला होता. तिने चिमट्याने कोळंबी काढली, कागदात गुंडाळली, पाव झाकून ठेवला आणि कामावर जायला उशीर झाला म्हणून चपला शोधू लागली.

एक खुलासा करायला हवा. या घरात मुलगी नव्हती, त्यामुळे जावई असण्याचा प्रश्नच नव्हता. जावईबापू हा मासा होता. हातभर लांब, सापासारखा, तपकिरी अंगावर मोहरीएवढे पिवळे ठिपके आणि चेहऱ्यावर कायमचा रुसवा. सासूबाईंच्या एकुलत्या मुलाने, म्हणजे सुनेच्या नवऱ्याने, तो हौसेने आणला होता. नवरा शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा. दिवसभर गारठलेल्या पेट्यांमध्ये वावरल्यावर घरी काहीतरी हलताना दिसावं, एवढीच त्याची इच्छा. पण मासा आला त्या दिवसापासून पाइपात जाऊन बसला तो हलेचना. वाढलेलं तोंडाशी नेलं तरच खायचा, तेही चिमट्याने, तेही मनात आलं तर. “हा मासा नाही, जावई आहे,” नवरा म्हणाला, आणि नाव चिकटलं. सासूबाईंना तर ही गंमत फारच आवडली. संध्याकाळी पानं घेतली की त्या मुद्दाम टाकीकडे बघून विचारायच्या, जावईबापूंचं झालं का, त्यांच्या आधी आपण कसं बसायचं. मुलगा हसायचा, सून हसायची, मासा आ वासायचा, आणि मग सगळे जेवायचे.

मग एके दिवशी मुलगा कामावर शिडीवरून पडला आणि गेला. रडायला आलेली माणसं रडून आपापल्या घरी गेली. घरात दोन बायका आणि एक मासा उरला. त्यातल्या माशाने हळूहळू खाणं सोडलं, आणि सासूबाईंनी ती जुनी गंमत गंमत राहू दिली नाही.

आता कोणी म्हणेल, समजूत काढावी. काढली की. सुनेने गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं, हात जोडले, एकदा तर ताटली आपटली. शेजारणीने सांगून पाहिलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, पोटात काही नाही, छातीत काही नाही, आणि असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल असं बजावलं. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की नळी घातली तर त्या ओढून काढतील. त्या चहा घ्यायच्या, पाणी घ्यायच्या, फार गळ्याशी आलं तर एखादा चमचा काहीतरी. बाकी वाट बघायच्या.

आणि हे सगळं सुनेला इतरांपेक्षा जास्त बारकाईने कळत होतं, हे तिचं दुर्दैव. कारण सून कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे तिच्या लॅबमध्ये यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, गुलाबी मेणाची हिरडी करायची, त्यात एकेक दात बसवायचा, मग मेण जाऊन त्या जागी पक्की हिरडी यायची. सासूबाईंची कवळीही तिच्याच हातची होती. त्यांचा वरचा एक दात मुळात किंचित वाकडा होता, म्हणून तिने कवळीतही तो तसाच वाकडा लावला होता. नवऱ्याने तो ओळखला तेव्हा त्याने बायकोचा हात धरून दाबला होता. ती कवळी आता ढिली झाली होती. माणूस वाळतो तशा त्याच्या हिरड्याही आटतात. सुनेने आतून मऊ अस्तर लावून ती घट्ट केली. थोड्या दिवसांनी पुन्हा ढिली झाली, पुन्हा अस्तर लावलं. दुसऱ्यांना सासूबाई जराशा खराब झालेल्या दिसत होत्या. सून मात्र दर वेळी जाड होत चाललेलं अस्तर बघायची आणि बाई किती आटली ते मोजायची.

तिला ही बाई जगायला हवी होती. त्यात फारसा मनाचा मोठेपणा नव्हता. लग्न झालं तेव्हा दोघींचं सूत जमायला बराच वेळ लागला होता, स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागायचंच. पण आता त्या घरात नवऱ्याचं नाव घेणारं दुसरं माणूस नव्हतं. तो लहानपणी झोपेत कसा बडबडायचा, कशाला घाबरायचा, हे ठाऊक असलेली ही शेवटची बाई होती. ती गेली की सुनेने कोणाशी बोलायचं?

सासू ऐकत नाही म्हटल्यावर ती माशाच्या मागे लागली. माशांचे तुकडे आणले, माकूल आणलं, जिवंत गप्पी सोडले. गप्पी मजेत फिरू लागले आणि जावईबापू त्यांच्याकडे बघेनात. ज्याच्याकडून मासा घेतला त्या दुकानदाराकडे ती तीनतीनदा गेली. तो भला माणूस होता, पण एका शब्दावर अडला होता. वाम आहे ती, गोड्या पाण्यातली वाम, जातच हट्टी, येईल वठणीवर. आणि खरं म्हणजे घरातही सगळे त्याच शब्दावर निर्धास्त होते. लांबुडका मासा दिसला की त्याला वाम म्हणायचं, मग ती नदीतली असो, खाडीतली असो की समुद्रातली. सासूबाईंनी लहानपणी ओढ्यात वाम पाहिली होती, त्यामुळे त्यांच्या लेखी विषय संपला होता. नळाचं पाणी बादल्यांमध्ये मुरवून नवरा इमानेइतबारे टाकीत घालायचा. जावयाला गोडं पाणी, यात कोणालाच काही खटकलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी सुनेचा संयम सुटला. चिमट्याला भीत असेल मेला, असं म्हणून तिने कोळंबी बोटांत धरली आणि हात सरळ पाइपाच्या तोंडाशी नेला. सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. जावईबापूंनी मान बाहेर काढली, हुंगल्यासारखं केलं आणि कोळंबी सोडून तिचं बोट धरलं.

“ओढू नकोस,” सासूबाई ओरडल्या. “त्याचे दात निघतील.”

सुनेने हात ओढला. बोटातून रक्ताची धार लागली. तिला दुखलं त्यापेक्षा ते वाक्य लागलं. रुमाल गुंडाळून ती तडक बाहेर पडली आणि रस्ताभर मनातल्या मनात सासूला, माशाला आणि हे दोघं आपल्या गळ्यात बांधून निघून गेलेल्या नवऱ्याला शिव्या घालत राहिली.

लॅबमध्ये तिने बोट धुतलं आणि भिंगाच्या दिव्याखाली धरलं. हे तिने जखमेच्या काळजीने केलं नाही, सवयीने केलं. कोणाचाही चावा दिसला की तिची नजर आधी दात मोजते. बोटाच्या वरच्या बाजूला बारीक भोकांच्या दोन ओळी होत्या, जबड्याच्या कमानीसारख्या. ते ठीक होतं. पण त्या दोन ओळींच्या मधे, बरोबर मध्यावर, आणखी काही भोकं होती आणि तीच सर्वांत खोल गेली होती. ती बघतच राहिली. मध्यावर म्हणजे टाळू. आजवर शेकडो जबडे तिच्या हाताखालून गेले होते, टाळूत दात असलेलं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं.

मेणाचं काम बाजूला ठेवून तिने फोनवर शोधायला सुरुवात केली. टाळूत दात असलेला लांब मासा. आणि समोर जावईबापू येऊन बसले, तोच रुसवा, तोच आ. मोरे ईल असं त्याच्या जातीचं इंग्रजी नाव होतं. नदीतल्या वामीचं तोंड टोकदार असतं आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना छोटे पंख असतात. मोरेला ते नसतात, कल्ल्याच्या जागी नुसतं गोल भोक असतं आणि नाकावर दोन नळ्या. घरी येऊन तिने बॅटरी घेऊन टाकीत पाहिलं. पंख नव्हते. भोक होतं. नळ्या होत्या. ही जात नदी समुद्राला मिळते तिथल्या खाऱ्या चिखलात राहते, गोड्या पाण्यातली म्हणून विकली जाते, गोड्या पाण्यात काही काळ तगते आणि मग खाणं सोडते. म्हणजे जावईबापू रुसले नव्हते. ते मरायला टेकले होते. इतके महिने या घरात राहून त्यांना कोणी चिमूटभर मीठ दिलं नव्हतं, मग खाल्ल्या मिठाला जागायचं तरी कोणाच्या?

समुद्री माशांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंचा नंबर तिने मिळवला. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कसलं आहे. सून म्हणाली, नळाचं. मग त्यांनी सगळं सांगितलं. माशांसाठी वेगळं समुद्री मीठ मिळतं ते आणायचं, बादलीत विरघळवायचं, काचेच्या नळीने खारटपणा मोजायचा आणि टाकीतलं थोडं पाणी काढून तेवढंच हे घालायचं. रोज थोडं. एकदम खारं केलं तर टाकी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मरतील, मासा बिथरेल, आणि मग हात धुऊन बसावं लागेल. आणखी दगड हवेत, लपायला जागा हवी. आणि झाकणावर वजन हवं, कारण दोन बोटांच्या फटीतून हा गडी निघतो आणि जमिनीवर वाळून मरतो.

“पण तो खायला कधी लागेल?” सुनेने विचारलं.

“लागला तर दोन-तीन आठवड्यांत. घाबरू नका, महिनाभर उपाशी राहिला तरी मोरेला काही होत नाही.”

“त्याला होत नाही हो,” सून म्हणाली. “मला माशाची घाई नाही. माणसाची आहे.”

बाईंना त्याचा अर्थ लागला नसावा. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं की सावकाश करा.

सून सावकाश करू लागली. सकाळी कामावर जायच्या आधी बादली, मीठ, नळी, झाकण उतरवायचं, पाणी काढायचं, पाणी घालायचं, झाकण लावायचं, त्यावर विटा ठेवायच्या. सासूबाईंना तिने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, मासा सुधारणार म्हणून त्यांना बरं वाटलेलं दिसलं, आणि पाव तसाच राहिला. खुर्चीतून उठताना आता त्या हातावर जोर देऊन दोनदा प्रयत्न करायच्या. बोलताना कवळी टाळूपासून सुटून खाली यायची. मासा काही खाईना.

मग सुनेने खोटेपणा केला. सासूबाई आंघोळीला गेलेल्या बघून तिने कोळंबी काढून केरात टाकली आणि त्या बाहेर येताच सांगितलं की जावईबापू जेवले, आत्ताच, सगळी संपवली. सासूबाई टाकीजवळ गेल्या. वाकून पाइपाकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. खुर्चीत बसून त्यांनी पावाचा घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि पुन्हा ताटलीत ठेवला.

“केरात टाकलीस ना?”

सुनेने केराचा डबा पायाने मागे सरकवला.

“मी वेडी नाही गं,” सासूबाई म्हणाल्या. “तो मासा आहे, मला कळतं. जावई नाही आणि माझा मुलगाही नाही.”

“मग खा ना. का छळताय मला?”

सासूबाईंनी ताटली मांडीवरून खाली ठेवली. “त्या दिवशी त्याला यायला उशीर झाला,” त्या म्हणाल्या. “मला भूक लागली होती. म्हटलं, येईल तो, आपण बसू. तो कामाला लागल्यापासून त्याच्या आधी मी कधी बसले नव्हते. आणि चांगली जेवले. दुसऱ्यांदा भाजी घेतली. हात धूत होते तेव्हा फोन वाजला.”

“तुम्ही जेवलात म्हणून तो पडला नाही.”

“माहीत आहे. पण तो तिकडे लादीवर पडला होता आणि मी इकडे भाजी वाढून घेत होते. तो घास अजून इथे आहे.” त्यांनी गळ्याला हात लावला. “त्याच्यावर दुसरा जात नाही. हा समोर उपाशी बसतो तेव्हा तर नाहीच.”

सुनेला रडू यायला हवं होतं, पण त्याऐवजी भयंकर घाई सुटली. सावकाश गेलं चुलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुप्पट मीठ कालवलं आणि अर्धी टाकी उपसून नवं पाणी भरलं. पाणी गढूळ झालं. पाइपातून जावईबापूंची मान बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. खायला लागणार बहुतेक, असं तिने स्वतःला सांगितलं. सासूबाई अजून अंथरुणात होत्या, हल्ली त्यांना लवकर उठवत नसे. झाकण लावून, घाईघाईने वर वीट ठेवून, हात पुसत सून पळाली.

लॅबमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थाचे खालचे दात लावताना तिच्या डोळ्यांसमोर ती टाकी आली. झाकणाची डावी बाजू, तिथे वीट. उजवीकडे हवेच्या पंपाची नळी आत जाते, तिथली वीट. तिथली वीट तिने खुर्चीच्या पायाशी ठेवली होती आणि ती तिला अजूनही खुर्चीच्या पायाशीच दिसत होती. तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मासा जमिनीवर आला असेल, सासूबाई उठल्या असतील, आणि त्यांनी ते पाहिलं असेल. यापुढचा विचार तिला करवेना. मेण पातळ करायचा दिवा तसाच पेटता सोडून ती निघाली, लॅबच्या मालकाने मागून हाक मारून सांगितलं तेव्हा तिने परत येऊन तो विझवला आणि पुन्हा धावली. रस्त्यात तिच्या मनात एकच गोष्ट घोकली जात होती. मारलंस तू तिला. घाई केलीस आणि मारलंस.

दार उघडलं तर लादीवर पाणीच पाणी. खुर्ची आडवी. टाकीचं झाकण खाली पडून त्याचा कोपरा फुटलेला. आणि टाकीच्या कपाटाला पाठ लावून, पाय पसरून सासूबाई बसल्या होत्या. कपडे छातीपासून गुडघ्यांपर्यंत भिजलेले, दोन्ही हात मांडीवर उपडे, आणि हातांवरून रक्त ओघळत होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

सून पाण्यातून घसरत त्यांच्याजवळ गेली.

“आलीस?” सासूबाईंनी डोळे उघडले. “आहे तो. टाकला परत.”

सुनेने वर पाहिलं. गढूळ पाण्यात, पाइपाच्या बाहेर, जावईबापू दगडाला टेकून पडले होते. अंगाला जमिनीवरचा केर चिकटलेला. तोंड उघडत होतं, मिटत होतं.

“कपाटामागे चालला होता,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना एकेक शब्दाला दम लागत होता. “उचलला तर निसटला. परत उचलला, परत निसटला. हातात बळच नाही गं माझ्या. मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे बघतोय, आणि मला उचलता येत नाही. मग पोटाशी धरला. चावला मेला, पण सोडला नाही मी.”

सुनेने त्यांना धरून उठवलं, खुर्ची सरळ करून बसवलं. फुटकं झाकण टाकीवर लावून त्यावर दोन्ही विटा ठेवल्या, वर जाड पुस्तकांचा एक गठ्ठा ठेवला. स्वच्छ पाणी आणलं आणि सासूबाईंचे हात आपल्या हातात घेऊन धुवायला लागली. कातडी इतकी पातळ झाली होती की तिला घासायची भीती वाटत होती. दोन ओळी होत्या, मधे तिसरी. जखमा खोल होत्या, डॉक्टरकडे जायला हवं होतं, आणि ती तसं म्हणालीही.

“जाऊ,” सासूबाई म्हणाल्या. “आधी खायला दे काहीतरी.”

सुनेचा हात थांबला. “तो कुठे जेवलाय अजून,” ती म्हणाली. आपण हे काय बोललो हे तिला नंतर कळलं.

“त्याचं तो बघेल. उद्या परत पडला तर उचलणार कोण? तू तर कामावर असतेस.”

घरात सकाळचा पाव होता, थोडं दूध होतं. सुनेने ते कालवलं. सासूबाईंच्या हातांना फडकी बांधलेली असल्यामुळे चमचा तिलाच धरावा लागला. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटले, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, आणि मग तो खाली गेला. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

दुसरा चमचा भरताना सुनेला रडू आलं. नवरा गेल्यावर माणसांसमोर ती जे रडली होती त्यातलं हे नव्हतं, हे आतून कुठूनतरी उपसून येत होतं आणि तिचा हात त्याने हलत होता, दूध सांडत होतं. हलणारा चमचा जिकडे जाईल तिकडे सासूबाई तोंड नेत राहिल्या.